ऑटिझम आणि डिप्रेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक आईवडिलांचे, काही ऑटिस्टिक प्रौढांचे स्वतःचे आणि थोडे शिक्षकांचे आहेत. एकच गोष्ट चार तऱ्हांनी विचारलेली असेल तिथे ती एकाच जागी घेतली आहे. जिवाला धोका आहे असं वाटत असेल तर बाकीचं वाचत बसू नका, थेट प्रश्न १५ कडे जा.

१. तो लहानपणापासूनच एकलकोंडा आहे. मग डिप्रेशन वेगळं कसं ओळखायचं?

ऑटिझम जन्मापासून असतो. डिप्रेशन मध्येच कधीतरी येतं, म्हणजे त्याला एक ‘आधी’ असतं. त्यामुळे तुलना करायची ती सहा महिन्यांपूर्वीच्या त्याच्याशीच. भावंडाशी नाही, शेजारच्या मुलाशी तर नाहीच. एकटं बसणं हे लक्षण नाही. पूर्वी एकटा बसून काहीतरी करायचा आणि आता एकटा बसून काहीच करत नाही, हे लक्षण आहे.

वैद्यकीय व्याख्या सगळ्यांना एकच आहे: नऊपैकी किमान पाच लक्षणं, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज; आणि त्यांत उदासी किंवा रस उडणं यांपैकी एक तरी हवंच. घोळ होतो तो ही लक्षणं ओळखताना. ‘स्वमग्न’ हा ऑटिझमसाठीचा आपला शब्दही थोडी दिशाभूल करतो. स्वतःत मग्न आहे म्हणजे मजेत असणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. मग झोप उडाली, अन्न तुटलं, अंगावर धावून जायला लागला, तरी सगळं ऑटिझमच्या खात्यावर जमा होतं. डॉक्टरांकडूनही होतं.

२. हे किती जणांना होतं?

इतरांच्या तुलनेत आयुष्यात कधीतरी डिप्रेशन येण्याचं प्रमाण ऑटिस्टिक माणसांत सुमारे चौपट आहे. २०१९ मध्ये झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ऑटिस्टिक प्रौढांपैकी सुमारे ३७ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी आणि सुमारे २३ टक्क्यांना त्या घडीला डिप्रेशन होतं. हे अभ्यास मुख्यतः बोलू शकणाऱ्या प्रौढांचे आहेत, हे ध्यानात ठेवा. कारणांत शाळेतली चिडवाचिडवी, एकटेपणा, नोकरी न टिकणं आणि सतत ‘नॉर्मल’ दिसण्याची धडपड (प्रश्न ८) ही वरच्या नंबरावर आहेत.

३. रडत नाही, चेहऱ्यावर काही दिसत नाही. मग बघायचं तरी काय?

चेहरा सोडा, दिनक्रम बघा. उदासी चेहऱ्यावर दिसेलच असं नाही. आंघोळ, जेवण, झोप आणि कपाटाची अवस्था यांत ती दिसते.

जेवण: खाण्याची निवड आधीच मोजकी असते. वरणभात, बटाट्याच्या काचऱ्या, तूपसाखर-पोळी असे दहा पदार्थ चालत असतील, ते घसरत तिनावर येतात. भूक मेली असं तो म्हणणार नाही. ‘पोळीचा वास येतो’ म्हणेल.

आवाज, स्पर्श, उजेड: सहनशक्ती कमी होते. पूर्वी कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून भागायचं. आता ओरडतो किंवा स्वयंपाकघराकडे फिरकतच नाही. घरचे म्हणतात ‘ऑटिझम वाढला’. ऑटिझम असा महिन्याभरात वाढत नाही. असं वाटलं की डिप्रेशन, दुखणं (प्रश्न १०) किंवा बर्नआउट (प्रश्न ७) यांचा विचार करायचा.

हात फडफडवणं, झुलणं यांसारख्या हालचाली कधी वाढतात, कधी एकदम बंद होतात. बंद झाल्या की घरात आनंद होतो, ‘सुधारला’ म्हणून. जरा थांबा. त्याच सुमारास गुणगुणणं आणि येरझाऱ्याही थांबल्या असतील तर ती सुधारणा नाही.

ठरलेल्या क्रमाचा हट्ट वाढतो. शिकलेली कौशल्यं मागे जातात. स्वतः दाढी करणारा मुलगा वस्तरा हातात घेऊन आरशासमोर उभा राहतो. आणि सगळ्यांत जास्त चकवतं ते चिडणं. उदासीऐवजी राग, वस्तू फेकणं, स्वतःच्या डोक्यावर मारून घेणं अशा रूपात डिप्रेशन आलं की त्याला ‘वर्तनसमस्या’ म्हणतात आणि उपचारही वर्तनावरच होतात.

४. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘ठीक’ म्हणतो. खोटं बोलतो का?

बहुधा नाही. सुमारे निम्म्या ऑटिस्टिक माणसांना स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देणं अवघड जातं. याला अलेक्सिथायमिया म्हणतात. पोटात गोळा आलाय हे कळतं, पण ती भूक आहे, भीती आहे की दुःख, ते कळत नाही. त्यात आपल्या विचारण्याची तऱ्हा: ‘मन लागत नाही का?’, ‘करमत नाही का?’, ‘जिवाची घालमेल होते का?’ शब्दशः ऐकणाऱ्याने याचं उत्तर काय द्यावं?

मोजता येईल असं विचारा. काल किती पोळ्या खाल्ल्या? रात्री अंथरुणावर किती वाजता पडलास आणि झोप किती वाजता लागली? या आठवड्यात आंघोळ किती वेळा? अंग कुठे जड वाटतं? शब्द जमत नसतील तर ० ते १० अशी पट्टी कागदावर काढा, पण आधी टोकं त्याच्याच आयुष्यातली भरा: १० म्हणजे कोकणातल्या घरी पावसात बसलो होतो तो दिवस, ० म्हणजे शाळेतून पळून आलो तो दिवस. उत्तराला वेळ द्या. अर्धा मिनिट शांतता आपल्याला जड जाते, त्याला लागते. समोरासमोर नको, गाडीत शेजारी बसून किंवा व्हॉट्सअॅपवर उत्तरं बरी येतात.

५. आवडीचा विषय चालूच आहे, उलट वाढलाय. मग डिप्रेशन नाहीच ना?

असं म्हणता येत नाही. आवडीचा विषय हे औषधासारखंही वापरलं जातं, त्यामुळे वाईट दिवसांत त्याचे तास वाढू शकतात. तास मोजू नका, तो काय करतो ते बघा. समजा एकाला मध्य रेल्वेच्या लोकलच्या वेळापत्रकाचा नाद आहे. पूर्वी तो नवं वेळापत्रक आलं की आपला तक्ता दुरुस्त करायचा, जलद गाड्यांना लाल रंग द्यायचा, कर्जत लोकल का बदलली ते सांगत मागे लागायचा. आता चार तास स्क्रीनवर तेच जुने व्हिडिओ चालू आहेत, तक्ता मात्र मार्चपासून तसाच पडलाय आणि चुकीची माहिती दिली तरी तो दुरुस्त करत नाही. हा रस उडणंच आहे. विषय एकदम मृत्यू, अपघात, स्मशान यांकडे वळला तरी लक्ष द्या. पण विषय आधीपासूनच तो असेल (काहींना इतिहासातल्या लढाया किंवा डायनासोरांचा विनाश मनापासून आवडतो) तर त्यावरून काही ठरवू नका.

६. मुलगी बोलत नाही, बौद्धिक अक्षमताही आहे. तिला डिप्रेशन येऊ शकतं का?

येतं, आणि जवळजवळ नेहमीच उशिरा कळतं. इथे सगळी भिस्त नोंदींवर आहे. एक साधी वही करा, रोज चारच रकाने: किती तास झोपली, किती जेवली (पूर्ण, अर्धं, नाही), स्वतःला किती वेळा मारून घेतलं किंवा चावलं, आणि ज्यात नेहमी हसते अशी एखादी गोष्ट (झोपाळा, पाण्यात हात घालणं, आजोबांचं गाणं) समोर आल्यावर हसली का. तीन आठवड्यांची अशी वही मनोविकारतज्ज्ञाला तासभराच्या गप्पांपेक्षा जास्त सांगते. चौथा रकाना घरचे विसरतात. तोच सर्वांत बोलका असतो.

सोबत गेल्या वर्षातले बदल लिहा. अठराव्या वर्षी शाळा सुटणं, सांभाळणारी बाई बदलणं, बहीण सासरी जाणं, आजी जाणं. दुःख चार-पाच महिन्यांनी उमटलं तरी ते त्याच घटनेचं असू शकतं. आजी ‘देवाघरी गेली’ असं सांगितलं असेल तर ती परत कधी येणार याची वाट बघणंही चालू असू शकतं. ‘मेली’ हा शब्द कठोर वाटला तरी त्यातून गोष्ट स्पष्ट कळते. मात्र औषधाचा विषय काढण्याआधी प्रश्न १० वाचा.

७. हे डिप्रेशन आहे की ऑटिस्टिक बर्नआउट?

बर्नआउट म्हणजे झेपेल त्याहून जास्त ओझं फार दिवस वाहिल्यावर होणारी अवस्था: महिनोन्‌महिने (साधारण तीन किंवा जास्त) टिकणारा थकवा, येत असलेली कामं न जमणं आणि आवाज-उजेड सहन न होणं. अजून ते कुठल्या अधिकृत निदानाच्या यादीत नाही, पण ऑटिस्टिक माणसं ते नेमकं ओळखतात.

एक ढोबळ चाचणी आहे. विचारा: ‘आठवडाभर ऑफिस, पाहुणे, फोन, आवाज सगळं बंद. काय करशील?’ बर्नआउटमध्ये उत्तर चटकन येतं, इच्छा शाबूत असते, फक्त ताकद नसते. डिप्रेशनमध्ये उत्तर ‘काही नाही’ असतं, आणि आठवडाभर खरंच सुट्टी देऊनही फरक पडत नाही. हा भेद पुस्तकी नाही. डिप्रेशनमध्ये थोडं थोडं करायला लावणं हा उपचार आहे (प्रश्न १२). बर्नआउटमध्ये तेच केलं तर माणूस आणखी कोसळतो. तिथे आधी ओझं उतरवायचं. दोन्ही एकत्रही असतात. तेव्हा सुरुवात ओझं उतरवण्यापासून केलेली बरी, त्यात चुकलं तरी नुकसान कमी.

८. कॉलेजात हसतमुख, मार्कही चांगले. घरी आली की कोलमडते. नाटक करते का?

नाटक करते, पण कॉलेजात. नजरेला नजर देणं, योग्य जागी हसणं, दुसऱ्याच्या बोलण्याची नक्कल करणं, याला मास्किंग म्हणतात. मुलींमध्ये आणि मोठेपणी निदान झालेल्यांत ते जास्त आढळतं. मास्किंग जितकं जास्त तितका आत्महत्येच्या विचारांचा धोका जास्त, असं ब्रिटिश संशोधनात दिसलं आहे. डॉक्टरांसमोरही ती वीस मिनिटं उत्तम वागेल, म्हणून घरचं वागणं लिहून न्या: आल्याआल्या अंधारात किती वेळ, जेवण किती वाजता, रविवार किती तास झोपेत.

पाळीचीही नोंद ठेवा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात सगळं कोसळून पाळी सुरू झाल्यावर सावरत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो. त्याच्या निदानाला किमान दोन चक्रांची रोजची नोंद लागते.

९. नऊ प्रश्नांचा डिप्रेशनचा फॉर्म भरला, गुण कमी आले. विश्वास ठेवावा का?

पीएचक्यू-९ हा फॉर्म मराठीतही मिळतो. गुण ० ते २७, साधारण १० पासून पुढे तपासणी करावी असा संकेत आहे. ऑटिस्टिक माणसाकडून तो भरून घेताना ठरावीक जागी गाडी अडते. झोपेचा प्रश्न ‘झोप न लागणं किंवा फार झोपणं’ असा जोडीने आहे. शब्दशः वाचणारा म्हणतो, दोन्ही एकदम होत नाही, म्हणून शून्य. भुकेचंही तसंच. ‘बरेच दिवस’ म्हणजे किती? चौदा दिवसांत २ ते ६, ‘निम्म्याहून जास्त’ म्हणजे ७ ते ११, ‘जवळजवळ रोज’ म्हणजे १२ ते १४, असं कडेला लिहून द्या आणि जोडप्रश्न तोडून विचारा.

उलटी चूकही होते. झोप, एकाग्रता आणि अस्वस्थ हालचाल यांचे गुण काहींना बाराही महिने मिळतात. म्हणून बरा असताना एकदा फॉर्म भरून ठेवावा. एरवी ७ असणाऱ्याचे १३ होणं आणि एरवी १ असणाऱ्याचे १३ होणं यांत फरक आहे.

१०. मानसोपचाराआधी कोणत्या तपासण्या कराव्यात?

थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर. शाकाहारी आणि त्यात मोजकंच खाणाऱ्यांत बी-१२ आणि लोह कमी सापडणं अगदी नेहमीचं. मग दुखणं: दात (दंतवैद्याकडे न्यायचं वर्षानुवर्षं टाळलेलं असतं), बद्धकोष्ठ, आम्लपित्त, कानाचा संसर्ग. स्वतःच्या जबड्यावर मारून घेणाऱ्याची दाढ आधी बघा. घोरत असेल तर झोपेतला श्वास तपासा. फिट्स पौगंडावस्थेत नव्याने सुरू होऊ शकतात. फिट्सवरचं लेव्हेटिरासेटाम सुरू झाल्यानंतर चिडचिड किंवा उदासी आली असेल तर डॉक्टरांना तारखांसह सांगा. मनाने गोळी बंद करू नका.

११. कोणाकडे जायचं? खर्चाचं काय?

निदान आणि औषधासाठी मनोविकारतज्ज्ञ, बोलून उपचारासाठी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. अपॉइंटमेंट शक्यतो पहिली मागा, वाट बघण्याच्या खोलीतच निम्मी ताकद संपते. एका पानावर लिहून न्या: एरवी कसा असतो, कधीपासून काय बदललं, चालू औषधं, काय सहन होत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

१२. समुपदेशनाला सहा वेळा गेला, काही उपयोग नाही. थांबवावं का?

आधी पद्धत बदलून बघा. ‘विचार बदला म्हणजे भावना बदलेल’ इथून सुरुवात केली तर भावनाच ओळखता न येणारा पहिल्या पायरीवर अडकतो. ब्रिटनची ऑटिझमविषयक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात ते असं: विचारांपेक्षा कृतीवर भर, लेखी आणि चित्ररूप साहित्य, उपमा-रूपकं टाळणं, मध्ये विश्रांती, आवडीच्या विषयाचा वापर आणि माणसाची तयारी असेल तर घरच्या कुणाला सोबत घेणं.

कृती छोटी आणि ठाम हवी. ‘जरा बाहेर पडत जा’ हे काम नव्हे. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी सव्वासहाला पुलापर्यंत जाऊन परत, वीस मिनिटं, कानाला हेडफोन’ हे काम. माणसांत मिसळणं हेच प्रत्येक वेळी औषध मानू नका. लोकलचा तक्ता (प्रश्न ५) पुन्हा उघडणं हेही तितकंच मोलाचं काम आहे. समुपदेशक नजर मिळवण्याचा आग्रह धरत असेल तर समुपदेशक बदला.

१३. गोळ्या द्याव्यात का? कितपत?

मात्रा डॉक्टर ठरवतील, पण विचारायचं काय ते माहीत असावं. नेहमीची औषधं सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटीन या गटातली. ती ऑटिझमवर नाहीत, डिप्रेशनवर आहेत. ऑटिस्टिक माणसांत सुरुवात नेहमीच्या निम्म्या किंवा त्याहून कमी मात्रेने करून सावकाश वाढवण्याची पद्धत आहे. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत झोप उडणं, येरझाऱ्या, बडबड, भडकणं असं दिसलं तर ‘गोळी लागू पडतेय’ म्हणून बसू नका, फोन करा. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून तेव्हा नजर जास्त.

बारक्या अडचणी जास्त नडतात. मळमळ ओळखता येत नाही, मग जेवणच बंद होतं. सर्ट्रालीन चुरडून दिली तर कडू लागते आणि जीभ बधिर होते. द्रवरूप किंवा दुसरं औषध मिळेल का विचारा. केमिस्टने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, पांढरीची निळी झाली, की घेणं बंद. एकच कंपनी धरून ठेवा आणि पाकीट संपण्याआधी आठवडाभर आणा.

रिस्पेरिडोन आणि अॅरिपिप्राझोल ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी अमेरिकेत २००६ आणि २००९ मध्ये मान्य झाली. चिडचिडीचं मूळ डिप्रेशन असेल तर नुसती चिडचिड दबते, आजार आत तसाच राहतो, आणि वजन वाढतं ते वेगळंच.

१४. घास हातात घेऊन थांबतो, दारात पाऊल अडतं. डिप्रेशनच का?

हा कॅटाटोनिया, म्हणजे हालचाल अडकवणारा विकार, असू शकतो. इंग्लंडमधल्या एका केंद्रात आलेल्या १५ वर्षांवरच्या ऑटिस्टिक रुग्णांपैकी १७ टक्क्यांत तो आढळला होता (२०००). खुणा: हालचाल मंदावणं, मध्येच गोठणं, खांद्याला हात लावल्याशिवाय पुढचं पाऊल न टाकता येणं, बोलणं बंद होणं. आळस समजून ओरडू नका. मनोविकारतज्ज्ञाला ‘कॅटाटोनिया तपासाल का?’ असं स्पष्ट विचारा आणि मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवा. लोराझेपाम या औषधाने बऱ्याचदा फरक पडतो. मनोविकृतीवरच्या औषधांनी तो बिघडू शकतो. अंग ताठरलं, ताप आला किंवा खाणंपिणं थांबलं तर त्याच दिवशी रुग्णालय.

१५. मरणाबद्दल बोलतो, पण अगदी सहज. गांभीर्याने घ्यायचं का?

हो. आवाज सपाट आहे म्हणून विचार हलका नसतो. स्वीडनमधल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑटिस्टिक व्यक्तींत आत्महत्येने मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे साडेसात पट दिसला, बौद्धिक अक्षमता नसलेल्यांत त्याहून जास्त.

स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. ‘स्वतःला इजा करावीशी वाटते का?’ याला शब्दशः उत्तर ‘नाही’ असू शकतं, कारण त्याच्या लेखी मरण म्हणजे इजा नव्हे. विचारा: ‘मरून जावंसं वाटतं का? कसं, कधी, ते ठरवलं आहे का?’ ठरवलं असेल तर एकटं सोडू नका. गोळ्या, कीटकनाशकं घराबाहेर काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तातडीला १०८ ची रुग्णवाहिका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोनवर बोलणं त्याला जमत नसेल तर तुम्ही करा. पोलीस केसच्या भीतीने प्रयत्न लपवू नका: २०१७ चा कायदा अशा व्यक्तीला तीव्र तणावाखाली मानतो, शिक्षा करत नाही.

१६. लग्न लावून दिलं की माणसात येईल, असं सगळे म्हणतात.

येत नाही. नवं घर, नवी माणसं, नवे वास, रोजचं मास्किंग. आणि दुसऱ्या कुणाच्या आयुष्याला औषध म्हणून वापरणं हे वेगळंच.

१७. बरं होतंय हे कसं कळणार?

हसू आधी येईलच असं नाही. झोप आधी सावरते, मग जेवणात चौथा-पाचवा पदार्थ (प्रश्न ३) परत येतो, मग तो तुमच्या चुका काढायला लागतो. वहीतल्या चौथ्या रकान्यात (प्रश्न ६) पुन्हा खुणा दिसायला लागतात. पूर्ण बरं वाटल्यावरही औषध साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात आणि मग काही आठवड्यांत हळूहळू उतरवतात. हे उतरवणं परीक्षा, घरबदल किंवा गणपतीच्या गर्दीच्या दिवसांत नको.